श्रीरामभाऊ ग्लोव्हज सोडेनात

श्रीराम लोटलीकर या माणसाचं कुणी कौतुक करायला लागलं की माझ्या पोटात दुखतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी 'तुमचा जरा आकस दिसतो हं' असं म्हणायला नको. आहे आकस. असायला कारणही आहे. माझा मुलगा सारंग तीन वर्षं या माणसाच्या मागे ग्लोव्हजची पिशवी उचलत फिरला.

तर हे श्रीरामभाऊ. मूळचे रत्नागिरीकडचे. सिंगापूरच्या बंदरात लागलेल्या जहाजांवर चढायचं आणि त्यांची तपासणी करायची, ही नोकरी. राहायला पासिर रिसला. वय बेचाळीस-त्रेचाळीस, केस विरळ, पोट थोडं सुटलेलं, आणि हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी. ही बोटं क्रिकेटनं वाकडी केलेली. आमच्याकडच्या मराठी मंडळींचा 'सागर इलेव्हन' नावाचा संघ आहे. आधी त्यात सगळे जहाजावरचेच होते, मग पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मुलं आली. दर रविवारी लीगचा सामना. आणि संघ निघाल्यापासून कीपर एकच, कप्तानही तेच. श्रीराम लोटलीकर.

माणूस वाईट आहे का? नाही हो, तेच तर दुखणं आहे. कुणाचा नोकरीचा पास अडकला, धावले श्रीरामभाऊ. कुणाची बायको नोव्हेनाच्या हॉस्पिटलात, डबा घेऊन हजर श्रीरामभाऊ. सगळे म्हणतात देवमाणूस. देवमाणसाशी भांडायची पंचाईत अशी, की भांडणारी बाई आपोआप कैदाशीण ठरते.

आता त्यांच्या कीपिंगचं सांगते. चेंडू ते बरे अडवायचे, फार ग्रेट काही नाही. पण तोंड! सामना सुरू झाला की तोंडाचा पट्टा सुरू. सगळं मराठीत. "अरे, याला ताक पाज!" म्हणजे चेंडू हळू टाक. "मामाच्या गावाला ने!" म्हणजे बाहेर टाक, याला पुढे येऊ दे, मी मागे स्टंप उडवतो. समोर फलंदाज इंग्रज असायचा, ऑस्ट्रेलियन असायचा, तमिळ असायचा, श्रीलंकेचा असायचा. त्याला वाटायचं म्हातारा काहीतरी बडबडतोय. आणि बघता बघता तो मामाच्या गावाला पोचलेला असायचा. संघाचे निम्मे सामने या बडबडीवर जिंकलेले. सगळ्यांना त्याचा केवढा अभिमान! या बेटावर मराठी कळणारे आपणच, अशी सगळ्यांची खात्री होती.

सारंग सोळाव्या वर्षी या संघात गेला. मी आई आहे म्हणून सांगत नाही, पण त्याच्या हातांसारखे हात मी पाहिले नाहीत. ओट्यावरून घरंगळलेला पेला जमिनीला टेकायच्या आत त्याच्या मुठीत असायचा, आणि बघतोय कुठे तर टीव्हीकडे. सरावाला लोक खेळ थांबवून त्याच्याकडे बघायचे. पण रविवारी सामना सुरू झाला की ग्लोव्हज श्रीरामभाऊंच्या हातात आणि माझा मुलगा पार लांब, सीमारेषेवर, झाडाखाली. गोलंदाज संघात पाच असतात, फलंदाजी सगळेच करतात, पण कीपर एकच. हा नियमच मेला वाईट. पुढच्यानं ग्लोव्हज काढले नाहीत तर मागच्यानं काय करायचं? वाट बघायची.

मी विचारलं होतं. सरळ मैदानावर जाऊन विचारलं. "श्रीरामभाऊ, पोराला कधी उभं करणार?"

ते पॅड सोडत होते. मान वर न करता म्हणाले, "वहिनी, पोराला हात आहेत, तोंड नाही."

"तोंड नाही म्हणजे? मी काय मुका जन्माला घातलाय?"

"तसं नाही हो. कीपर गप्प राहिला की गोलंदाज एकटा पडतो. त्यानं बोलायला हवं. मराठीत बोलायला हवं. ते आलं की मी स्वतः ग्लोव्हज काढून देईन."

माझा नुसता तिळपापड झाला. कारण घाव बरोबर जागी बसला होता. सारंग तीन वर्षांचा असताना आम्ही इथे आलो. शाळा इंग्रजी, शाळेत 'मातृभाषा' या विषयाला मराठी नव्हती म्हणून मलय घेतली, मित्र सगळे चिनी. माझे यजमान सुबोध चीफ इंजिनिअर, वर्षातले आठ महिने जहाजावर. घरात मराठी बोलणार कोण? मी. आणि ऐकणार कोण? भिंती. मी म्हणायचे, "सारंग, जेवायला चल." तो इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणायचा, "लेटर लाह, आई." मी म्हणायचे, "बाळा, आज कसं झालं?" तो म्हणायचा, "ओके ओन्ली." 'आई' हा एक शब्द तेवढा मराठी शिल्लक होता. तोही जाईल की काय या धाकानं मी फार बोलायचे नाही.

नाही, फार बोलायचे. खोटं कशाला सांगू.

सगळ्यात जास्त बोलायचे दुधावरून. इथलं दूध खोक्यातून येतं, तापवायची गरज नसते. हे मला गेली सोळा वर्षं सगळे समजावून सांगतायत. पण तापवल्याशिवाय दूध घरात कसं ठेवायचं? साय कुठून येणार? सकाळी मी पातेलं गॅसवर ठेवायचे आणि आंघोळीला जायचे. राखणीला दोघे. एक सारंग, दुसरा संकेत. हा संकेत पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, जुरोंग ईस्टला आमच्याच फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचा. सागर इलेव्हनचा लेगस्पिनरही तोच. एक कानात वॉकमन घालून बसलेला, दुसरा पेपरात तोंड घालून. मला बाथरूममधून वासावरून कळायचं. मी आतूनच ओरडायचे, "दूध बघा रे, वर येतंय!" की दोघे एकदम उठून गॅसकडे झेप घ्यायचे. कधी सारंग आधी पोचायचा, कधी संकेत, पण बहुतेक वेळा दूधच. मग ओटा पुसता पुसता सारंगचं ठरलेलं, "आई, इट्स पाश्चराइज्ड लाह."

सत्त्याण्णव सालच्या सुरुवातीपासून सारंग दर शनिवारी पासिर रिसला जायला लागला. श्रीरामभाऊ त्याचा वेगळा सराव घेतात म्हणाला. जुरोंग ईस्ट कुठे, पासिर रिस कुठे! एमआरटीच्या गाडीनं बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सकाळी गेलेला मुलगा संध्याकाळी यायचा, जेवून यायचा, आणि माझं ताट झाकलेलं राहायचं. "काकूने फिश केला होता, व्हेरी शिओक." शिओक म्हणजे झकास. आमच्याकडे मासे होत नाहीत. मी आपली भरली वांगी परत फ्रिजमध्ये ठेवायचे.

एका शनिवारी मी ठरवलं, जाऊन बघू तरी काय सराव चालतो. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून नारळाच्या वड्या केल्या. त्यांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, लांब सामाईक कॉरिडॉर, शेवटचं दार. दार उघडं होतं, नुसती लोखंडी जाळी लावलेली. चार दारं अलीकडेच मी थबकले. आतून आवाज येत होता. मराठी बोलण्याचा. तरणा, भरघोस, न अडखळणारा आवाज.

"काकू, तो तुकडा नको, तो शेपटीचा द्या ना. काका, तुम्ही आधीच दोन घेतलेत, मी मोजलंय!"

आणि रत्नाचं, श्रीरामभाऊंच्या बायकोचं, खळखळून हसणं. "अरे, खा रे राजा. यांचं काय ऐकतोस!"

"हां, आणि खाता खाता बोलत राहायचं," श्रीरामभाऊंचा आवाज. "गप्प बसलास की ताट उचलणार. बोल, परवा त्या चिनी मित्राकडे काय झालं ते पूर्ण सांग."

आणि माझा मुलगा सांगू लागला. अख्खी गोष्ट. मराठीत. मध्ये मध्ये 'आयला' आणि 'च्यायला' सुद्धा.

मी तिथं कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीआड उभी राहिले. माझ्या हातात वड्यांचा डबा. मला काय झालं ते सांगू? मला रत्नाचा इतका मत्सर वाटला, इतका वाटला, की तो डबा खाली भिरकावून द्यावा. हे बोलणं माझं होतं. मी सोळा वर्षं त्याच्यासाठी ताट वाढून बसले होते, आणि तो जेवत होता या बाईच्या घरी. त्यांना स्वतःचं मूल नाही, हे मला माहीत होतं. दया यायला हवी होती. नाही आली. मी तशीच मागे फिरले आणि सगळ्या वड्या एमआरटीत एकटीनं खाल्ल्या. गाडीत खायला मनाई असते, तरी खाल्ल्या.

घरी आल्यावर सारंगला विचारलं, "काय केलंस आज?"

"नथिंग मच," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये सारंगचं पत्र आलं. डिसेंबरात नॅशनल सर्व्हिस. अडीच वर्षं आर्मीत. म्हणजे कीपर म्हणून उभं राहायचं तर या मोसमात, नाहीतर पुढे कोण कुठे! श्रीरामभाऊंना मी फोन केला नाही. त्यांनीच केला. "वहिनी, शेवटचे चार सामने सारंगचे. पोरगा तयार झालाय."

मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवल्यावर देवासमोर साखर ठेवली.

आणि मग तो धूर आला. तिकडे सुमात्रात जंगलं पेटली आणि सगळा धूर आमच्या डोक्यावर. समोरची बिल्डिंग दिसेना, डोळे चुरचुरायचे, मुलं शाळेत तोंडाला फडकी बांधून जायची. मैदानं बंद. पहिला सामना रद्द झाला. दुसरा रद्द झाला. तिसराही. मी खिडकीत उभी राहून त्या धुराला अशा शिव्या घातल्या, की सुबोधनं ऐकल्या असत्या तर परत बोटीवरच गेला असता.

नोव्हेंबरात आकाश उघडलं तेव्हा एकच सामना उरला होता. एका बँकेच्या संघाशी. जो जिंकेल तो पहिल्या नंबरावर, लीगची ढाल त्याची. मी म्हटलं, चला, एक तर एक. सारंगचे पांढरे कपडे धुऊन इस्त्री करून ठेवले. शुक्रवारी श्रीरामभाऊंचा निरोप आला. या सामन्यात कीपिंग ते स्वतः करणार. सारंग संघात आहे, पण सीमारेषेवर.

"अरे, शब्द दिला होता त्यांनी!" मी कडाडले. "देवमाणूस म्हणे! म्हाताऱ्याला ढाल स्वतःच्या हातात हवी. तुझ्या तोंडचा घास काढून घेतला, आणि तू इथे बसून कॉर्नफ्लेक्स खातोस?"

सारंगनं चमचा खाली ठेवला. माझ्याकडे सरळ बघितलं. आणि म्हणाला, "आई, काकांचं बरोबर आहे. एवढ्या मोठ्या सामन्यात मला पहिल्यांदा उभं करणं योग्य नाही."

मराठीत. अख्खं वाक्य, माझ्या घरात, माझ्याशी. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. आणि ते कुणाच्या बाजूनं? मी स्वयंपाकघरात गेले आणि विनाकारण सगळी भांडी पुन्हा घासली.

रविवारी मैदानावर मी आणि रत्ना सीमारेषेबाहेर शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसलो होतो. तिनं मला चहा दिला. मी घेतला, कारण न घेणं बरं दिसलं नसतं. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पाठ आमच्याकडे करून, सारंग उभा.

आमच्या धावा बऱ्यापैकी झाल्या होत्या. बँकेचे चौघे लवकर गेले. श्रीरामभाऊंची बडबड जोरात चालली होती. मग बँकेचा एक उंच मुलगा खेळायला आला, आम्ही कुणी त्याला पूर्वी पाहिलेलं नव्हतं. संकेत चेंडू टाकायला आला. श्रीरामभाऊ ओरडले, "संकेत, याला ताक पाज!"

संकेतनं हळू चेंडू टाकला. उंच मुलगा जणू त्याची वाटच बघत होता. चेंडू आमच्या डोक्यावरून रस्त्यापलीकडे.

"मामाच्या गावाला ने!" उंच मुलगा जागचा हलला नाही, बाहेरचा चेंडू आरामात कापून चौकार घेतला. पुन्हा ताक, पुन्हा चौकार. पुढच्या षटकातही तेच. ओव्हर संपल्यावर तो बॅटवर रेलून मागे वळला आणि इतक्या मोठ्यानं बोलला, की आम्हाला खुर्चीत ऐकू आलं.

"काका, ताक जरा आंबट होतं बरं का! मी नागपूरचा."

आमचे सगळे दगड झाले. श्रीरामभाऊंचं तोंड उघडं होतं ते मिटलं. आणि मिटलेलंच राहिलं. मी या माणसाला मैदानावर असं गप्प कधीच पाहिलं नव्हतं. दोन चेंडू त्यांच्या हातातून सुटले. संकेत बिचारा डोळे भिरभिरवत मागे बघायचा, मागून काहीच येत नव्हतं. धावा पळत होत्या. रत्नानं पदराचं टोक तोंडात धरलं. आणि मला, देवाशपथ सांगते, आतून बरं वाटत होतं.

मग श्रीरामभाऊंनी खेळ थांबवला. चालत निघाले, सगळं मैदान ओलांडून, थेट आमच्या दिशेनं. सारंगपाशी आले आणि ग्लोव्हज काढले. वाकड्या बोटांतून निघता निघेनात. मग पॅड सोडले.

"काका, नको," सारंग म्हणाला.

"माझं तोंड संपलं रे. तुझं काय आहे ते बघ." ग्लोव्हज त्याच्या छातीवर टेकवून ते त्याच्या जागी उभे राहिले. आमच्या पुढ्यात, आमच्याकडे पाठ करून.

सारंग स्टंपमागे जाऊन बसला. मी देवाचं नाव घेत होते. पहिला चेंडू, सारंग गप्प. दुसरा, गप्प. श्रीरामभाऊ स्वतःशीच पुटपुटत होते, "बोल, बोल रे." तिसऱ्याला उंच मुलगा पुढे आला आणि उचलून चौकार मारला. चौथ्या चेंडूआधी त्यानं मागचा पाय जरासा हलवला, बॅट दोनदा आपटली. संकेत धावायला लागला.

आणि स्टंपमागून आवाज आला. तारस्वरात, शेवटचं अक्षर लांबवत, चिडका, घाईचा आवाज.

"संकेत, दूध बघ रे, वर येतंय!"

काय झालं सांगू? मी खुर्चीवरून उठले. खरंच उठले, हात गॅसकडे जावा तसा पुढे गेला. तिकडे संकेतनं धावता धावता डोळे मोठे केले. त्याला कळलं. जे वर येतंय ते उतू जाणार, म्हणजे हा पुढे येणार. त्यानं चेंडू लांब बाहेर सोडला. उंच मुलगा तीन पावलं पुढे धावला होता, बॅट हवेत फिरली, आणि सारंगचे ते हात, ओट्यावरून पडणारा पेला झेलणारे हात, चेंडू घेऊन स्टंपवर.

पंचांचं बोट वर गेलं. उंच मुलगा परत जाताना सारंगपाशी थांबला. "दूध? कसलं दूध रे बाबा?" सारंग नुसता हसला.

मग काय, पोराचं तोंडच उघडलं. "गॅस बारीक कर!" "झाकण कुठंय?" "ओटा कोण पुसणार?" सगळं माझं. माझे शब्द, माझा चिरका सूर, माझा वैताग. गेली सोळा वर्षं मी भिंतींशी बोलत होते असं मला वाटत होतं. नागपूरवाला तंबूत बसून सगळं ऐकत होता, पण कळतंय कुणाला! ते कळायला जुरोंग ईस्टच्या आमच्या घरात राहावं लागतं. बँकेचे उरलेले पटापट गेले.

रत्ना हसत हसत टाळ्या वाजवत होती. श्रीरामभाऊ मात्र हसत नव्हते. ते वळून सीमारेषेपर्यंत आले. ग्लोव्हज नसलेले ते वाकडे हात काय करावं ते न कळून पाठीमागे बांधलेले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चटकन ओळखलं. पासिर रिसच्या कॉरिडॉरमध्ये, चादरीआड, माझ्याही चेहऱ्यावर तेच असणार.

"वहिनी," ते म्हणाले, "हे दूधबिध मी नाही शिकवलं त्याला. हे कुठून शिकला?"

मी खाली बसले. पदर नीट केला. घाई कशाला करायची?

"ते आमच्या घरचं आहे," मी म्हटलं.